साखरेची जाई

आपल्याकडे फुलाला दोन वाटा ठाऊक आहेत. एक देवघराकडे जाते, दुसरी वेणीकडे. सकाळी परडी भरली की तिच्यातील पहिला वाटा देवाचा. त्यातून उरेल ते घरच्या सुवासिनींनी माळावे, असा आपला जुना शिरस्ता. फूल खावे ही कल्पना मात्र मनाला सहसा रुचत नाही. वस्तुतः आपण फुले खातोच. हादग्याच्या फुलांची भाजी, भोपळ्याच्या फुलांची भजी, केळफूल हे सारे आपल्या पानांत पिढ्यान्‌पिढ्या वाढले जात आहे; गुलकंदाच्या बरणीत तर गुलाब आणि साखर यांनी कधीचाच संसार थाटला आहे. परंतु भाजीत किंवा बरणीत जाण्यापूर्वी त्या फुलाचे फूलपण आपण काढून घेतलेले असते. फूल फुलासारखे दिसत असता त्याचा घास घ्या म्हटले की हात अडखळतो.

केकवर बसविलेले साखरेचे फूल आपल्याला नेमके याच ठिकाणी पेचात टाकते. माझ्या हातचे असे फूल पाहुण्यांपैकी कोणी उचलले, की ते प्रथम कोठे जाते हे मी बरीच वर्षे पाहत आले आहे. ते तोंडाकडे जात नाही, नाकाकडे जाते. हातात फूल आले की हुंगावे, ही सवय इतकी खोलवर रुजलेली आहे, की पुढ्यातील वस्तू साखर आहे हे ठाऊक असूनही माणूस क्षणभर फसतो आणि मग स्वतःशीच हसतो.

देवळाच्या सावलीत वाढलेल्या घरातील, साठी उलटलेल्या बाईने हा साहेबी उद्योग का आरंभावा, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर माझ्या बेळगावच्या माहेरी आहे.

संक्रांत पंधरा-वीस दिवसांवर आली आणि थंडीने अंग शहारू लागले, की माझी आई पहाटे उठून शेगडी पेटवी. निखाऱ्यांवर राख पसरून आच मंद करावयाची, वर परात ठेवावयाची, परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यावयाचा. आणि मग साखरेचा पाक चमचाचमचा सोडीत बोटांच्या अग्रांनी तो दाणा फिरवीत बसावयाचे. पाक एकदम जास्त पडला की दाणे एकमेकांस बिलगत. आच वाढली की शुभ्र रंगाला पिवळी झाक येई. घाई करणाऱ्याला हलवा कधीच वश होत नाही. दोन-तीन दिवसांच्या बैठकीनंतर दाण्यावर काटा उभा राही आणि आईच्या मुद्रेवर समाधान दिसे. मग त्या काटेरी दाण्यांची चिंचपेटी होई, तन्मणी होई, बाजूबंद होत. कोणाच्या घरी नवी सून आली असेल तर तिच्यासाठी मंगळसूत्र, आणि तान्हे मूल असेल तर त्याच्या बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरी. एरवी सोन्याची हौस ज्यांना परवडत नसे, त्या घरांतील मुलीही त्या एका दिवशी काळ्या चंद्रकळेवर नखशिखान्त दागिने घालून मिरवत. आणि सण सरला की तेच दागिने मोडून मुलांच्या मुठींत जात.

साखरेला आकार द्यावा, तिने डोळ्यांना सुखवावे आणि शेवटी जिभेवर विरून जावे, ही कला अशा रीतीने मी आईच्या परातीशी बसून पाहिली होती. पुढे लग्न होऊन गोव्यात, फोंडे महालातील सासरी आले. काही वर्षांपूर्वी माझी भाची मडगावच्या एका वर्गात केकवरची फुले करावयास शिकली आणि तिने आपली हत्यारे माझ्यापुढे मांडली, तेव्हा मला त्यांत परके असे फारसे काही दिसले नाही. परातीच्या जागी पाट आला होता, एवढेच.

तरीही 'हे आपले नव्हे' हा आक्षेप घरोघर ऐकू येतो. म्हणून साखरेच्या प्रवासाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. साखर हा मूळचा आपलाच जिन्नस. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराध्यक्षाच्या प्रकरणात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खांड आणि शर्करा असे प्रकार क्रमाने सांगितले आहेत. 'शर्करा' या शब्दाचे फारसीत 'शकर' झाले, अरबीत 'सुक्कर' झाले, आणि तो तसाच युरोपात उतरला. पोर्तुगीजांचे 'आसुकार' आणि आपली 'साखर' ही एकाच कुळातील दूर गेलेली भावंडे आहेत. तिकडच्या कारागिरांनी या साखरेत इराण-तुर्कस्तानातील एका काटेरी झुडपाचा डिंक कालवून तिची कणीक केली. १५५५ मध्ये व्हेनिस येथे 'आलेस्सियो पिएमोन्तेसे' या नावावर छापलेल्या ग्रंथात अशा कणकेच्या ताटल्या आणि पेले कसे करावेत याची कृती दिलेली आहे. जेवण आटोपल्यावर पंगतीने ती भांडीही खाऊन टाकावीत, अशी त्यामागील गंमत! पुढे १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्या मेजावरील हातरुमाल साखरेचा होता आणि उचलताच तो त्याच्या हातात मोडला, अशी कथा सांगतात.

तेव्हा येथून पुडी बांधून गेलेली साखर फूल होऊन परत आली, असे म्हणावयास काय हरकत आहे? आणि परकेपणाचाच हिशेब मांडावयाचा तर देवळाच्या प्राकारातील खुरचाफा अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेला आहे आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडूही तिकडचाच. देवाने त्या दोघांनाही कधी परत पाठविले नाही.

मात्र एक शंका रास्त होती आणि तिचे निरसन केल्यावाचून मी पाटाला हात लावला नाही. या कामातील मुख्य जिन्नस म्हणजे 'फाँडंट'. हा शब्द फ्रेंच भाषेतील 'वितळणे' या अर्थाच्या धातूवरून आला. वस्त्रगाळ पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, थोडे ग्लिसरीन, थोडा स्निग्ध पदार्थ मळून तो सिद्ध होतो. आणि त्याला लवचीकपणा यावा म्हणून पुष्कळदा त्यात जिलेटिन घालतात. जिलेटिन हे जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढतात. काही कृतींत पाकळ्या चिकटविण्यासाठी अंड्याचा पांढरा बलकही सांगितलेला असतो. आमच्यासारख्या घरात या दोन्ही गोष्टींना प्रवेश नाही. सुदैवाने दोहोंनाही पर्याय आहे. जिलेटिनच्या ऐवजी समुद्रवनस्पतीपासून केलेले आगर-आगर, ज्याला बाजारात चायना ग्रास म्हणतात, ते चालते. आणि चिकटविण्यास नुसते पाण्याचे बोट पुरते. नुसता फाँडंट मात्र फुलाला उपयोगी नाही, कारण तो लवकर सुकत नाही आणि पाकळी मान टाकते. त्यासाठी पाव किलोस सुमारे एक लहान चमचा या प्रमाणात सीएमसी नावाची भुकटी मळावी लागते. ही भुकटी वनस्पतींच्या तंतूंपासून तयार होते. ती मिसळली की तीच कणीक कागदासारखी पातळ लाटता येते आणि वाळल्यावर शंखासारखी टणक होते. तयार डबा आणणाऱ्यांनी त्यावरील हिरवा ठिपका पाहावा आणि घटकांची यादीही वाचावी.

आता गुलाबाची कृती सांगते, कारण शिकणारा प्रत्येकजण गुलाबापासूनच आरंभ करतो. आधी एका काडीवर कळीसारखा निमुळता गोळा बसवून तो एक दिवस वाळू द्यावा. मग कणीक लाटून साच्याने पाकळ्या पाडाव्यात. त्यांतील एकच पाकळी हातात घ्यावी; बाकीच्या झाकून ठेवाव्यात, नाहीतर वाऱ्याने त्यांच्या कडा तडकतात. मऊ गादीवर पाकळी ठेवून तिची कड टोकाला गोळी असलेल्या दांडीने हळूहळू दाबीत न्यावी. दाबाने ती पातळ होते आणि आपोआप मुरड घालते. हीच या कलेची किल्ली आहे. पाकळीचा मध्य जाड आणि कड पातळ झाली की साखरेत जीव येतो. पहिली पाकळी कळीला पुरती गुंडाळावी, तीवर तीन, मग पाच, मग सात, आणि प्रत्येक पाकळीचा एक काठ शेजारणीच्या आत सरकवावा. बाहेरच्या पाकळ्यांचे काठ दात कोरण्याच्या काडीवर उलटे वळवावेत. चार वेढे झाले की हातात गुलाब असतो.

गुलाब साच्याने जमतो. पण आपल्या परसातील फुलांचे साचे बाजारात सहजी मिळत नाहीत. ती करावयाची तर फूल समोर ठेवून त्यालाच गुरू करावे लागते, आणि खरा आनंद येथून सुरू होतो. खुडणाऱ्याची नजर फुलाच्या देठावर असते; घडविणाऱ्याची नजर त्याच्या अंगोपांगांवर फिरते. जास्वंदीच्या पाच पाकळ्या, मधून निघालेला लांब दांडा, त्यावर पिवळ्या परागांची झालर आणि अगदी टोकाला पाच तांबडे ठिपके. हे ठिपके गणपतीला जास्वंद वाहणाऱ्या किती हातांनी मोजले असतील? त्या परागांसाठी मी बारीक रवा हळदीने रंगवून घेते. चाफ्याच्या पाच पाकळ्यांतील प्रत्येक पाकळी पुढचीवर किंचित चढलेली असते, म्हणून ते फूल स्थिर असतानाही फिरत असल्यासारखे वाटते. आणि त्याच्या गळ्यातील पिवळा रंग कोठे संपतो हे कोणत्याही कुंचल्याला चटकन सांगता येत नाही. कमळाच्या पाकळ्या मी पळीच्या खोलगट पोटात वाळवते, कारण त्यांना तोच बाक शोभतो. एका दुपारी शेवंतीच्या पाकळ्या सुट्या करून ओळीने मांडता मांडता मला वाटले, की षोडशोपचारांत पुष्पार्पणाच्या आधी पुष्पदर्शनाचाही एक उपचार असता तर बरे झाले असते.

या साऱ्या खटाटोपात आमच्या गोव्याची हवा मात्र पक्की वैरीण. साखर हवेतील ओल ओढून घेते, आणि आषाढ-श्रावणात आमच्याकडे भिंतीदेखील घामाघूम होतात. त्या दिवसांत फाँडंट आपले नाव सार्थ करावयास निघतो. फुले शीतकपाटात ठेवावीत असे अनेकांना वाटते. पण तेथून बाहेर काढताच त्यांच्यावर दव जमते आणि रंग ओघळतात. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावीत आणि अगदी शेवटच्या घटकेला केकवर चढवावीत. माझी आई हलव्यासाठी कोरड्या थंडीची वाट पाही, त्यातील मर्म मला अशा पावसात नव्याने उमगले. साखरेचे काम करणाऱ्याने आधी आकाशाकडे पाहावे.

अशाच एका श्रावणात आमच्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आले. माणसाने वयाची ऐंशी वर्षे ओलांडून आणखी काही महिने काढले, की हजार पौर्णिमा त्याच्या पदरात पडतात. सासूबाईंच्या त्या हजार पौर्णिमांपैकी कितीतरी पावसाळ्यांतील संध्याकाळी जाईच्या वासात गेल्या होत्या. म्हार्दोळच्या जाया सगळ्या गोव्यात नावाजलेल्या. तेथे श्रीमहालसा नारायणीच्या देवळात पावसाळ्याच्या दिवसांत जायांची पूजा होते, तेव्हा सारा गाभारा त्या शुभ्र फुलांनी भरून जातो. सासूबाईंचे माहेर त्याच आसमंतातील. दुपार कलली की कळ्या खुडावयाच्या, केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यात त्या गुंफावयाच्या, आणि तिन्हीसांजेला ती फाती देवळात पोहोचवावयाची, हा त्यांचा जन्माचा नेम. लग्नानंतर त्यांनी परसात जाईचा वेल लावला आणि येथल्या देवळासाठी तोच नेम चालविला. पुढे हातांना कंप सुटला. दोरा बोटांत थांबेना, कळ्या देठाशी तुटू लागल्या. अखेर एका वर्षी त्यांनी दोऱ्यांची गुंडी माझ्याकडे न देता खुंटीला अडकवून ठेवली. त्याविषयी त्या कधी काही बोलल्या नाहीत. जाई मात्र वेलावर फुले आणि वेलाखालीच गळून जाई.

नातवंडांनी हट्ट धरला, की आजीसाठी केक हवाच. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात अंड्याच्या भीतीने केकचा तुकडा जिभेवर ठेवलेला नव्हता. तेव्हा दही आणि खायचा सोडा घालून बिनअंड्याचा केक करावयाचे ठरले. मेणबत्त्या फुंकण्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच एका वाक्यात मिटविला: "शुभकार्यात दिवा लावतात, विझवीत नाहीत." म्हणून शेजारी समई ठेवावयाची असेही ठरले. आणि एक्याऐंशीव्या वर्षासाठी म्हणून केकवर एक्याऐंशी जायांची फाती घालावयाची, असे मी मनाशी योजले.

जाईला साचा लागत नाही. वाटाण्याएवढी कणीक घेऊन तिचा निमुळता शंकू करावा, त्याच्या रुंद बाजूला काडीचे टोक टेकवून किंचित पोकळी करावी, कात्रीने पाच चिरा द्याव्यात, आणि प्रत्येक चीर चिमटीत चपटी करून बोटावर अलगद ओढावी. मागे उरतो तो देठ, पुढे उमलते ते फूल. शेवटी कुंचल्याच्या टोकाने पाकळीच्या पाठीला गुलाबी भुकटीचा स्पर्श द्यावा. कारण जाई पांढरी असली तरी तिच्या पाठीवर तो रंग असतोच. एका फुलाला सुमारे सहा मिनिटे लागत. पाऊस उघडला की मी पंख्याखाली बसे. एका बैठकीत दहा-बारा होत. शेवटचे फूल डब्यात गेले तेव्हा बाहेर धो धो कोसळत होते, पण आतील एकही फूल मऊ पडले नव्हते.

शास्त्रोक्त विधी झाला, औक्षण झाले, आणि केक समोर आणला. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "बाय, ह्यो जायो न्ही?" मी एक फूल त्यांच्या तळहातावर ठेवले. कापऱ्या हाताने त्यांनी ते नाकाशी नेले. घरातील पोरे हसावयाच्या बेतात होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प राहिली. "आनी वास खंय गेलो गे?" त्यांनी विचारले. मी सांगितले, "आई, ही साखरेची आहे. हिला वास नाही." त्यांनी फूल उलटून पाठीवरचा गुलाबी रंग पाहिला, देठावरून बोट फिरविले, आणि पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "पाठ बरोबर केलीस."

मग माझ्या धाकट्या जावेने विचारले, यांतील पाच फुले देवीसमोर वाहावीत काय? कोणी होय म्हणाले, कोणी नको म्हणाले. सर्वांचे डोळे सासूबाईंकडे वळले. त्या शांतपणे म्हणाल्या, "फूल म्हणून वाहू नका. फुलाला वास हवा, देवीने तो घ्यावा म्हणून तर फूल. पण साखर म्हणून नैवेद्याच्या वाटीत जरूर ठेवा. साखर ती चांगली आहे."

त्या एका वाक्याने माझ्या या छंदाला त्याची जागा मिळाली. नक्कल खऱ्या वस्तूच्या आसनावर जाऊन बसू पाहते तेव्हाच ती खोटी ठरते. आज कितीतरी घरांत देवाच्या तसबिरींवर प्लास्टिकचे हार वर्षानुवर्षे धूळ खात लोंबत आहेत. ते ना सुकतात, ना निर्माल्य होतात. साखरेचे फूल त्या जातीचे नाही. आपण साखर आहोत हे ते लपवीत नाही, आणि जिभेवर पडताच विरघळून आपला शेवट स्वतःच करते. देवाच्या फुलाचे निर्माल्य होते आणि साखरेच्या फुलाची गोडी होते; दोघांनाही संपणे ठाऊक आहे, म्हणून दोघांनाही मान आहे.

त्या दिवशी नैवेद्याच्या वाटीतील पाच फुले प्रसाद म्हणून वाटली गेली. उरलेली पोरांनी अर्ध्या तासात फस्त केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली. खुंटीवरची जुनी गुंडी त्यांच्या मांडीवर होती. तिच्यातील दोरे केव्हाच कडक झाले होते. "केळीच्या सोपाचे नवे दोरे काढ आणि भिजत घाल," त्या म्हणाल्या. "एवढ्या बारीक कामाला तुझी बोटे सरावली आहेत, तर ही गाठ तुला कठीण नाही. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, आणि मध्ये फास. देठ दाबू नको." त्या सांगत गेल्या आणि मी गुंफीत गेले. साखरेच्या पाकळीने बोटांना जो हलकेपणा शिकविला होता, तोच येथे कामी आला. देठ एकही तुटला नाही.

सासूबाई आज नाहीत. परसातील वेल आहे, आणि पावसाळ्यातील प्रत्येक तिन्हीसांजेला येथून एक फाती देवळात जाते. कळ्या मिटलेल्या असतानाच ती पोहोचते. उमलतात त्या रात्री, गाभाऱ्यात, कोणी पाहत नसताना.